बिघाड थर्मोस्टॅटचा की कॉम्प्रेसरचा?



वैशाखातली सकाळ. फ्रिजचे दार उघडावे तो आत दूध नासलेले, लोणी पातळ झालेले आणि बर्फाच्या ट्रेमध्ये नुसते पाणी! अशा वेळी घरात आणि शेजारीपाजारी एकच निदान ऐकू येते, "कॉम्प्रेसर गेला असणार." कॉम्प्रेसर हा फ्रिजमधला सर्वांत महागडा भाग. तो बदलायचा म्हणजे हजारो रुपयांना खड्डा. कित्येक जण तर त्या धास्तीने फ्रिज भंगारात देऊन मोकळे होतात.

पण दोष खरोखरच कॉम्प्रेसरचा असतो का? अनेकदा तो असतो थर्मोस्टॅटचा, म्हणजे कॉम्प्रेसरला 'चालू हो', 'बंद हो' असे सांगणाऱ्या एका लहानशा उपकरणाचा. कधी कॉम्प्रेसर सुरू करून देणारा चिमुकला रिले बिघडलेला असतो. कधी तर दाराचे रबर फाटलेले असते, एवढेच! या वस्तूंच्या आणि कॉम्प्रेसरच्या किमतीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून नेमके काय बिघडले हे ओळखता येणे फायद्याचे असते. आणि गंमत अशी, की पहिल्या तपासणीसाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. कान, हात, एक तापमापी आणि थोडा तर्क एवढी सामग्री पुरते.

या लेखात आपण एका दाराचा, आत फिरवायचे बटण असलेला साधा फ्रिज समोर ठेवू या.

थंडी 'तयार' होत नाही

हातावर स्पिरिटचा थेंब टाकला की गार का वाटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो तुमच्या त्वचेतून घेतो. फ्रिजमध्ये हेच घडते. फरक इतकाच, की तेथे वाफ उडून जात नाही. तिला पकडून तिचा पुन्हा द्रव केला जातो आणि तोच द्रव पुन्हा पुन्हा वापरला जातो.

फ्रीझरच्या भिंतीतल्या नळ्यांत हा द्रव उकळतो आणि आतल्या पदार्थांची उष्णता शोषून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि जोराने दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो ना? तशीच दाबलेली वाफही तापते. ही तापलेली वाफ फ्रिजच्या पाठीमागच्या काळ्या जाळीतून जाते. तेथे ती खोलीतल्या हवेला उष्णता देते आणि तिचा द्रव बनतो. काही फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड लपविलेली असते. पुढे हा द्रव केसासारखे बारीक छिद्र असलेल्या एका लांब नळीतून फ्रीझरकडे जातो. नळीतून बाहेर पडताच त्याच्यावरचा दाब एकदम उतरतो आणि तो पुन्हा उकळू लागतो. म्हणजे फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

या विद्येला व्यवहारात आणण्यात एका अनपेक्षित धंद्याचा मोठा हात आहे. तो म्हणजे बिअरचा! जर्मनीतली लागर जातीची बिअर आठवडेच्या आठवडे शून्य अंशाजवळ मुरवावी लागते. त्यासाठी तेथील कारखानदार हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत साठवीत. ज्या वर्षी थंडी कमी, त्या वर्षी बर्फाची टंचाई. या अडचणीवर उपाय म्हणून म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात बिअरच्या कारखान्यांसाठी शीतयंत्रे तयार केली. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज हा त्या अवाढव्य यंत्रांचाच धाकटा वंशज आहे.

हुकूम देणारा थर्मोस्टॅट

कॉम्प्रेसर अखंड चालला तर दूधभाजीचेही दगड होतील. म्हणून त्याला वेळीच थांबवायला थर्मोस्टॅट असतो. तुम्ही जे १ ते ७ आकड्यांचे बटण फिरविता, त्याच्यामागे तो बसविलेला असतो. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत. आकडा मोठा तितका गारवा जास्त, एवढाच त्यांचा अर्थ.

थर्मोस्टॅटपासून एक बारीक बंद नळी निघते. तिचे टोक फ्रीझरच्या पत्र्याला घट्ट टेकविलेले असते. नळीत चटकन प्रसरण पावणारा वायू असतो. फ्रीझर तापला की हा वायू फुगतो, एका लवचिक डबीला ढकलतो आणि 'टक्' करून विजेची जोडणी जुळते. कॉम्प्रेसर सुरू होतो. फ्रीझर पुरेसा गार झाला की वायूचा दाब उतरतो, डबी आक्रसते आणि जोडणी तुटते.

चालू होण्याचे तापमान आणि बंद होण्याचे तापमान यांत मुद्दाम अंतर ठेवलेले असते. असे का बरे? दोन्ही एकच असती, तर कॉम्प्रेसर घडीघडीला चालू-बंद होत राहिला असता आणि लवकरच जळाला असता.

आता थर्मोस्टॅट बिघडण्याचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला प्रकार : बारीक नळीला चीर पडून तिच्यातला वायू निघून गेला. मग दाब कायमचा उतरलेला. थर्मोस्टॅटला वाटते, फ्रीझर भलताच गार आहे! तो कॉम्प्रेसरला कधीच सुरू होऊ देत नाही. दुसरा प्रकार : ठिणग्यांनी जोडणीची टोके एकमेकांना चिकटली. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. एकाच उपकरणाचे दोन बिघाड, आणि लक्षणे अगदी उलट!

फ्रिज बोलतो, ते ऐका

डॉक्टर प्रथम लक्षणे विचारतात. आपणही तसेच करू. फ्रिजजवळ शांतपणे अर्धा तास बसा आणि कान द्या. बिघडलेला फ्रिज बहुधा तीनपैकी एका प्रकारे वागतो.

लक्षण पहिले : फ्रिज मुका आहे

कॉम्प्रेसरचा आवाजच नाही. दार उघडा. आतला दिवा लागतो का? लागत नसेल, तर आधी प्लग, फ्यूज आणि भिंतीवरचे बटण पाहा. दिवा लागत असेल, तर वीज फ्रिजपर्यंत येते आहे. दिव्याची वाट थर्मोस्टॅटमधून जात नाही, म्हणून हा पुरावा भक्कम आहे.

आता एक सोपी शंका मिटवा. थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मधोमध बर्फ वितळविण्याची कळ असते. ती दाबली की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो आणि नंतर आपोआप सुरू होतो. घरात कोणी ती दाबली असेल, तर फ्रिज आजारी नाही, तो सांगितलेले काम करतो आहे!

तसे नसेल तर बटण सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवा. कॉम्प्रेसर घुमू लागला, तर तो जिवंत आहे. मग थर्मोस्टॅट आकड्यांप्रमाणे नीट वागतो का, तेवढे पाहायचे. तरीही शांतता असेल, तर संशयित तीन : थर्मोस्टॅट, रिले आणि कॉम्प्रेसर.

येथे मेकॅनिक एक निर्णायक चाचणी करतो. प्लग काढून तो थर्मोस्टॅटच्या दोन तारा थेट एकमेकींना जोडतो, म्हणजे थर्मोस्टॅटला वगळतो, आणि मग वीज देतो. कॉम्प्रेसर सुरू झाला तर गुन्हेगार थर्मोस्टॅट. सुरू झाला नाही, तर पुढचा तपास कॉम्प्रेसरजवळ. ही चाचणी तुम्ही मुळीच करू नका. २३० व्होल्टशी खेळ नको. पण मेकॅनिकला विचारायला काय हरकत आहे, "काका, थर्मोस्टॅट वगळून पाहिलात का?"

लक्षण दुसरे : 'गुं... टक्!'

फ्रिज काही सेकंद घुमतो, मग 'टक्' असा आवाज येऊन गप्प बसतो. काही मिनिटांनी पुन्हा तेच. याचा अर्थ थर्मोस्टॅट आपले काम करतो आहे. त्याने हुकूम दिला आहे, पण कॉम्प्रेसरला तो पाळता येत नाही.

कॉम्प्रेसरच्या काळ्या पोलादी घुमटात एक मोटर असते. तिच्यात तारांची दोन वेटोळी असतात, एक कायम चालणारे आणि दुसरे फक्त सुरुवातीला जोर देणारे. सुरू झाल्यावर दुसऱ्या वेटोळ्याची वीज तोडण्याचे काम रिले करतो. हल्लीच्या रिलेत एक चिनीमातीसारखी टिकली असते. वीज वाहून ती तापली की तिचा विद्युत्‌रोध एकदम वाढतो आणि सुरुवातीच्या वेटोळ्यातली वीज जवळजवळ थांबते. ही टिकली फुटली, तर मोटरला आरंभीचा जोर मिळत नाही. ती नुसती घुमते, खूप वीज ओढते आणि तापते. मग 'ओव्हरलोड' नावाची दुसरी रक्षक पट्टी 'टक्' करून वीज तोडते. पट्टी निवली, की पुन्हा जोडते. तुम्ही ऐकता तो आवाज या पट्टीचा. काढलेला रिले मेकॅनिक कानाजवळ हलवून पाहतो. आत खुळखुळ वाजले, तर टिकली फुटल्याची दाट शंका.

पण रिलेला दोष देण्यापूर्वी विजेचा दाब पाहायला हवा. मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर ताकद किती उरेल? १८० ला २३० ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. साधारण ०.६१ येईल. म्हणजे व्होल्टेज जेमतेम बावीस टक्क्यांनी उतरले, पण ताकद मात्र एकोणचाळीस टक्क्यांनी घटली! उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावचे दिवे मंद होतात आणि त्याच वेळी फ्रिज 'टक् टक्' करतो, तेव्हा कारण बहुधा हेच. स्टॅबिलायझरचा उपयोग अशा ठिकाणी होतो.

आणखी एक कारण म्हणजे घाई. वीज गेली आणि लगेच आली, तर नळ्यांत एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी दाब तसाच असतो. त्या दाबाविरुद्ध मोटरला सुरू होता येत नाही. दोन्ही बाजू समसमान व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून फ्रिज बंद केला, तर निदान पाच मिनिटे तरी पुन्हा चालू करू नये.

वीज ठीक, रिले नवा, पाच मिनिटांची विश्रांतीही दिली, आणि तरीही 'गुं... टक्' चालूच राहिले, तर मात्र कॉम्प्रेसर अडकला आहे किंवा त्याची वेटोळी जळाली आहेत. मेकॅनिक मीटरने तीन टोकांमधला विद्युत्‌रोध मोजतो. समजा, सामाईक टोक आणि कायमचे वेटोळे यांत १० ओहम, सामाईक टोक आणि सुरुवातीचे वेटोळे यांत २० ओहम भरले. मग उरलेल्या दोन टोकांत ३० ओहम यायलाच हवेत. कारण तेथे दोन्ही वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. बेरीज जुळली नाही, किंवा कोणतेही टोक बाहेरच्या पोलादी घुमटाशी जोडलेले आढळले, तर "कॉम्प्रेसर गेला" हे निदान खरे. हे वाक्य सर्वांत शेवटी उच्चारायचे असते, सर्वांत आधी नव्हे.

लक्षण तिसरे : फ्रिज थांबतच नाही

आता तापमापी हाती घ्या. ताप मोजायची नको, शाळेच्या प्रयोगशाळेतली. पेलाभर पाण्यात ती बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी दार उघडताच वाचन घ्या. ३ ते ५ अंश सेल्सिअस हे चांगल्या फ्रिजचे लक्षण.

कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि पाणी शून्याजवळ गेले, भाज्या गोठल्या, तर तर्क सरळ आहे. उष्णता उचलण्याचे काम उत्तम चालले आहे, थांबण्याचा हुकूमच येत नाही. दोष थर्मोस्टॅटचा. त्याच्या नळीचे टोक फ्रीझरच्या पत्र्यापासून सुटले असले, तरी असेच घडते.

अखंड चालूनही पाणी १२-१५ अंशांवरच अडले, तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे. बिचारा 'अजून गार नाही, चालत राहा' असे बरोबरच सांगतो आहे. मग उष्णता आत शिरते तरी आहे, नाहीतर बाहेर टाकली जात नाही. क्रमाने पाहा :

दाराचे रबर : दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अलगद सुटून आली, तर तेथून उष्ण हवा आत शिरते. चारही बाजूंनी पाहा.

पाठीमागची जाळी : धुळीची गोधडी पांघरलेली जाळी उष्णता टाकणार कशी? फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला, तरी हीच अडचण.

फ्रीझरमधला बर्फ : बर्फाचा जाड थर उष्णतेची वाट अडवितो. तो कळ दाबून वितळवावा.

भार : डझनभर एक लिटरच्या बाटल्या ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायच्या, तर १२ × १,००० × २५ म्हणजे ३,००,००० कॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागेल. समजा, फ्रिज सेकंदाला २५ कॅलरी उचलतो. मग १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटे तो थांबणार नाही. त्याला बिघाड म्हणता येईल का?

हे सारे ठीक असेल तर मागच्या जाळीला किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा. चालत्या फ्रिजची जाळी चांगली कोमट लागली पाहिजे. ती थंड लागली आणि फ्रीझरच्या एका कोपऱ्यातच हिम धरत असेल, तर नळ्यांतला वायू कमी झाला आहे, बारीक नळी तुंबली आहे किंवा कॉम्प्रेसरच्या झडपा निकामी होऊन तो नुसताच फिरतो आहे. येथे मेकॅनिकच हवा.

'गॅस संपला' हा गैरसमज

मोटारीतले पेट्रोल संपते, तसा फ्रिजमधला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षे फिरत असतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी छिद्र पडले आहे. छिद्र न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आणि हे छिद्र पुष्कळदा आपणच पाडतो. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडण्याची सवय अनेक घरांत आहे. सुरीचे टोक पत्र्याआडच्या नळीत शिरले, की एका क्षणात फ्रिज निकामी!

पूर्वी फ्रिजमध्ये फ्रिऑन-१२ हा वायू वापरीत. तो वातावरणातल्या ओझोनच्या थराला मारक ठरेल, असे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आजच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. ओझोनला तो निरुपद्रवी आहे, पण तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच घराण्यातला, म्हणजे पेट घेणारा. शिवाय सिलिंडरमधल्या गॅससारखा वास त्याला मिसळलेला नसतो. म्हणून फ्रीझरमधून 'फुस्स' आवाज आला, तर खिडक्या उघडा, काडी ओढू नका, जवळची कोणतीही बटणे दाबू नका आणि मोठ्यांना बोलवा.

दोन अंशांचे महत्त्व

फ्रिज थोडा कमीजास्त गार झाला तर काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. नासलेले दूध फेकून देता येते. पण घरात कोणाचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असेल तर? ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. आणि ते एकदा गोठले, तर वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी वापरता येत नाही. म्हणजे फ्रिज बंद पडणे जितके वाईट, तितकेच थर्मोस्टॅट चिकटून तो जादा गार होणेही वाईट.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसींसाठी वरून उघडणारे खास फ्रिज असतात. त्यांच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, म्हणून वीज गेली तरी गारवा बराच वेळ टिकतो. तेथेही मर्यादा तीच, २ ते ८ अंश. धनुर्वात आणि घटसर्प यांवरची लस गोठली तर तिचा गुण जातो, आणि गुण गेलेली लस टोचलेल्या बाळाचे आईवडील मात्र 'लस झाली' म्हणून निर्धास्त राहतात! म्हणून तेथले कर्मचारी दिवसातून दोनदा तापमान वाचून वहीत लिहितात. बिघाड आज घडला, तर तो आजच कळायला हवा.

करून पाहा

फ्रिज निरोगी असतानाच त्याची नोंद ठेवा. दार न उघडता तासभर त्याच्याजवळ अभ्यासाला बसा. कॉम्प्रेसर केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, हे घड्याळात पाहून लिहा. समजा, तो १२ मिनिटे चालला आणि १८ मिनिटे थांबला. म्हणजे ३० मिनिटांपैकी १२, अर्थात ४० टक्के वेळ तो कामावर होता. हीच नोंद पौषात आणि वैशाखात करा. बटणाचा आकडा बदलून करा. फळीवरच्या पेल्यातले तापमानही शेजारी लिहा. मात्र तुमच्याकडे नव्या पद्धतीचा इन्व्हर्टर फ्रिज असेल, तर तो हळू वेगाने जवळजवळ सतत चालतो. तेथे अखंड चालणे हा दोष नव्हे.

एक कागद फ्रिजच्या बाजूला चिकटवा आणि महिन्यातून एकदा या नोंदी त्यावर भरा. ४० टक्क्यांचे ६० झाले, ६० चे ८० झाले, तर फ्रिज बंद पडण्याआधीच तुम्हाला सुगावा लागेल. मग मेकॅनिककाका आले, की त्यांच्या हाती तो कागद द्या. निम्मे निदान त्यावरच लिहिलेले असेल.